पत्रीतली झाडं आणि त्यांवरच्या अळ्या: इंदूरमध्ये पाहायला सुरुवात कशी करावी

आमच्या घरून दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ जाते. माळ ओवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका शनिवारी पानं पुसत होते. एक पान उलटं केलं तर मधल्या शिरेशेजारी खसखशीच्या दाण्याएवढा पिवळसर पांढरा ठिपका दिसला. ओल्या फडक्यानं निघेना. आईचं पोथी वाचायचं भिंग आणून पाहिलं. दाणा उभा चिकटलेला होता, वर निमुळता, आणि मोदकाला कळ्या पाडाव्यात तशा त्याच्यावर बारीक उभ्या रेघा होत्या. ते पान माळेत घातलं नाही, वाटीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दाण्याचं टोक काळं पडलं आणि दुपारी वाटीत इवलीशी अळी होती. ज्यातून बाहेर आली तेच टरफल खात बसली होती.

ती प्लेन टायगर या फुलपाखराची अळी. मराठीत त्याला बिबळ्या कडवा म्हणतात. त्या दिवसापासून मला अळ्यांचं वेड लागलं, आणि आता पावसाळा आला की कोणी ना कोणी विचारतं, "ताई, आम्हालाही दाखव ना, कुठं सापडतात?" त्यांच्यासाठी हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: अळी शोधायची असेल तर झाड शोधा. फुलपाखरू कुठल्याही फुलावर मध प्यायला बसेल, अळीचं तसं नसतं. बहुतेक अळ्या ठरावीक एक-दोन कुळांतल्या झाडांचीच पानं खातात, दुसरं पान पुढ्यात ठेवलं तर उपाशी मरतात पण खात नाहीत. म्हणून मादी अंडं घालण्याआधी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते चाचपते. तिला चव पायांनी कळते. एखादं फुलपाखरू फुलं सोडून पानापानांवर क्षणभर टेकत, पुन्हा उडत, पुन्हा टेकत चाललेलं दिसलं, तर जागेवर थांबा. ती मादी आहे आणि झाडाचं नाव ती तुम्हाला सांगते आहे.

आपल्या मराठी घरांना या कामात एक आयती सोय आहे, ती म्हणजे गणपतीची पत्री. चतुर्थीच्या आदल्या दिवशी राजवाड्याच्या बाजारातून आपण जी जुडी आणतो, तिच्यातली बरीच पानं कोणत्या ना कोणत्या अळीचं जेवण आहेत. रुईवर बिबळ्या कडवा. बेलावर लाइम नावाचं फुलपाखरू. बोरीवर कॉमन पिएरो, काळ्या ठिपक्यांचं छोटं पांढरं फुलपाखरू. कण्हेरीवर कॉमन क्रो आणि एक भला मोठा हिरवा पतंग. धोतऱ्यावर पाठीवर कवटीसारखी खूण असलेला पतंग. डाळिंबाच्या फळात अनार बटरफ्लाय. अर्जुनावर टसर रेशमाचा किडा. शिवाय पत्रीचा हंगाम आणि अळ्यांचा हंगाम एकच. ज्याला एकवीस पत्री ओळखता येतात त्याचा अर्धा अभ्यास झालेला आहे.

कधी आणि काय घेऊन

इंदुरात जूनच्या मध्यानंतर पाऊस लागतो, पंधरा-वीस दिवसांत तण उगवतं आणि त्याच्या मागोमाग अळ्या येतात. जुलैअखेर ते नोव्हेंबर हा सगळ्यात भरघोस काळ. उन्हाळ्यात सुरुवात करू नका, हिरमोड होईल. वेळ सकाळची, आठ ते अकरा.

सोबत भिंग, वही, पेन्सिल, झाकणाला भोकं पाडलेला एक डबा आणि फोन. पायात बूट. काळ्या मातीत पावसाळ्यात चप्पल रुतून बसते, आणि गवतात साप असतोच.

पहिली पायरी: पाच झाडं, त्याहून जास्त नको

नवी माणसं पहिल्याच आठवड्यात पन्नास नावं लिहून काढतात आणि दुसऱ्या आठवड्यात कंटाळतात. पाच झाडं घ्या, ती घरापासून दहा मिनिटांच्या आत कुठं आहेत ते हेरून ठेवा, आणि दर दोन-तीन दिवसांनी त्याच झाडांपाशी जा.

पहिलं रुई. इथल्या माळी लोकांना विचाराल तर 'आंकडा' म्हणा, लगेच दाखवतील. रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेनं, कुठंही मिळते. कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूला अंडं पाहा, दर पानाला एखादंच. अळी मोठी झाली की चुकायची शक्यताच नाही: अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. रुईचं पान तोडलं की चीक ठिबकतो, तोच चीक खाणाऱ्याचं तोंड चिकटवून टाकू शकतो. अळी काय करते, आधी पानाच्या शिरेला चावे घेऊन चिकाची वाट तोडते आणि मग पुढचं पान निवांत खाते. मी एकदा स्टुलावर बसून हे पाहिलं. शिरेवर ती किती तरी वेळ एकाच जागी डोकं हलवत होती, चिकाचा थेंब जमला की मागं सरायची, थांबायची, पुन्हा यायची. मग पानाचं टोक हळूच खाली वाकलं आणि तिनं कडेपासून खायला सुरुवात केली. रुईतलं विष ती अंगात साठवते, त्यामुळे पक्षी तिच्या वाट्याला जात नाहीत, पुढं फुलपाखरू झाल्यावरही. 'कडवा' हे नाव त्यावरूनच आलेलं.

रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. डोळ्याला गंभीर इजा होते. पान तोडलं की हात साबणानं धुवायचे, मग बाकीचं. मुलं बरोबर असतील तर पान तुम्हीच तोडा.

दुसरं झाड कढीपत्ता. लिंबू किंवा बेल असेल तरी चालेल, तिन्ही एकाच कुळातली. गच्चीवर कुंडीत कढीपत्ता असलेल्या घरात लाइम किंवा कॉमन मॉर्मनची अळी येऊन गेली नाही असं सहसा होत नाही. फक्त ती पाहिलेली नसते, कारण लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. तपकिरी काळसर अंग, मध्ये पांढरा डाग, वर ओलसर चमक. ती पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसते आणि तरी कुणाला दिसत नाही. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. तिला हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल, दोन फाट्यांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर येतं आणि आंबूस उग्र वास सुटतो. ते एकदाच करून पाहा, तिला त्रास होतो.

तिसरं एरंड. अळी फुलपाखराची की पतंगाची, हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचं उत्तर शिकायला एरंडाइतकं चांगलं झाड नाही, कारण दोन्ही तिथं शेजारी-शेजारी सापडतात. कॉमन कॅस्टर फुलपाखराची अळी अंगभर फांद्याफांद्यांचे काटे मिरवते. तिच्याच पानावर गुळगुळीत, राखाडी-काळसर उंटअळी असते, पाठीची कमान करून चालणारी. ती पतंगाची. मात्र यावरून 'काटे असले की फुलपाखरू' असा नियम करू नका. असा कुठलाच सोपा नियम नाही. झाड, अळीचं रूप आणि कोष या तिन्हींवरून ठरतं.

चौथं टाकळा किंवा बहावा. टाकळा म्हणजे माळव्यातला पुवाड़िया, पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला दाटीनं उगवतो. बहावा म्हणजे अमलतास, त्याची झाडं शहरात बऱ्याच रस्त्यांवर आहेत. बहाव्याच्या कोवळ्या तांबूस पानांवर कॉमन एमिग्रंटची अंडी उभी खोचलेली असतात, एखाद्या पांढऱ्या बारीक सळीसारखी. अळी हिरवी, कडेनं फिकट रेघ. पानाच्या मधल्या शिरेवर ती लांब पसरून बसली की नजर चुकतेच. टाकळ्यावर कॉमन ग्रास यलोही सापडेल, तेच जमिनीलगत उडणारं छोटं पिवळं.

पाचवं घोळ. हो, भाजीची घोळ. तिच्या मांसल पानांवर डॅनेड एगफ्लायची काळी, काटेरी, तांबूस डोक्याची अळी येते. हिचं मला फार कौतुक आहे. डॅनेड एगफ्लायचा नर काळा, पंखांवर पांढरे चांद असलेला, आणि मादी बिबळ्या कडव्याची इतकी हुबेहूब नक्कल की उडताना भलेभले फसतात. बिबळ्या कडवा विषारी असतो, ही नसते, पण पक्षी दोघांनाही सोडून देतात. फुलपाखरं पाहणारा माणूस इथं तासभर वाद घालेल. अळ्या पाहणाऱ्याला वाद नाही: एक रुईवर, पट्ट्यांची आणि मऊ शिंगांची, दुसरी घोळीवर, काळी आणि काटेरी.

ही पाच जमली की पुढं जा. कॉलनीच्या भिंतीलगत उंच सरळ वाढणारा जो 'अशोक' असतो, त्यावर 'टेल्ड जे' हे फुलपाखरू. (तो खरा सीताअशोक नव्हे. झाडांची बोलीतली नावं अशी फसवतात, म्हणून पानाचा फोटो नेहमी घ्यायचा.) आंब्यावरच्या बांडगुळावर कॉमन जेझबेल. हिची अंडी एकगठ्ठा असतात आणि अळ्या पुढंही गटानं राहतात, एक निघाली की सगळ्या रांगेनं. सिरपूर तलावाच्या काठासारख्या ओल्या जागी काटेरी कोळसुंदा दिसला तर त्यावर ब्लू पॅन्सी आणि पीकॉक पॅन्सीच्या अळ्या शोधा. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही पाणथळं 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आली, आणि तिथं जाणारे बहुतेक लोक दुर्बिणीतून पाण्यावरचे पक्षी पाहत असतात. तुम्ही काठाच्या तणाकडे पाहा. बागेतल्या हिरवळीत आंबुशी असते, तिच्यावर पेल ग्रास ब्लूची अळी. ती भाताच्या शिताएवढीही नसते, तेव्हा मुंग्या पाहा. तिच्या पाठीवरून गोड रस पाझरतो, तो चाटायला मुंग्या येतात आणि बदल्यात तिची राखण करतात.

किडामारीबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण ती कमी होत चालल्यासारखी मला वाटते. काळ्या मातीच्या शेतात, बांधावर जमिनीसरशी पसरणारी करडी-हिरवी वेल, पानं रुंद, काठ लाटांसारखा, चुरडली की उग्र वास. तिच्यावर कॉमन रोझची अळी येते: गडद जांभळट-तांबडी, मधोमध पांढरा पट्टा, अंगावर मांसल टोकं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते तण आहे, त्याचं काही चुकत नाही. पण एखाद्या बांधावर ती दिसली तर त्या शेतकऱ्याशी बोला, अळी दाखवा. "इतकी सुंदर गोष्ट माझ्या बांधावर होती आणि मला माहीत नव्हतं," असं मला एका काकांनी ऐकवलं आहे.

दुसरी पायरी: पान वाचायला शिका

अळी शोधायची नाही, तिनं मागं ठेवलेल्या खुणा शोधायच्या. पानाची कड आतल्या बाजूला गोल कुरतडलेली असेल तर तिथं अळी आहे किंवा होती. कुरतडलेली कड हिरवी, ओली असेल तर ती आजची. तपकिरी, वाळलेली असेल तर जुनी. लहान अळी पानाला भोकं पाडते किंवा वरची साल खरवडून मागं पारदर्शक खिडकी ठेवते. दुमडलेलं, शिवल्यासारखं पान आत काहीतरी आहे हे सांगतं.

लेंड्या पाहा. खालच्या पानावर, जमिनीवर, कुंडीच्या काठावर काळ्या-हिरव्या गोळ्या पडलेल्या असतात. त्या जितक्या मोठ्या तितकी अळी मोठी. गोळी ओली असेल तर मान वर करा, ती बरोबर वरच्याच फांदीवर असेल. कण्हेरीवरचा तो मोठा हिरवा पतंग, ओलिअँडर हॉकमॉथ, मला दर वर्षी असाच सापडतो. त्याची अळी बोटाएवढी होते, शेपटाकडे एक शिंग, आणि पुढच्या अंगावर दोन निळे डोळे. खरे डोळे ते नव्हेत. घाबरली की डोकं आत ओढून घेते आणि ते निळे चट्टे फुगवून दाखवते. घरासमोरच्या कण्हेरीखाली एका सकाळी मिऱ्यांएवढ्या लेंड्या पडलेल्या होत्या. मी आणि शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा वीस मिनिटं मान वर करून उभे होतो. तो म्हणाला, "मावशी, ते पान श्वास घेतंय." ते पान नव्हतं.

पान पाहताना आधी ते वाकवू नका, खाली बसून खालून पाहा. सावलीत फोनचा टॉर्च पानामागं धरला तर अळीची आकृती पानातून दिसते. आणि एका झाडाला दहा मिनिटं द्या. पहिली तीन मिनिटं काहीच दिसत नाही, मग नजर बसते आणि एकामागून एक दिसायला लागतात.

शहराबाहेर रालामंडळ किंवा चोरलच्या जंगलाच्या बाजूला सागाची पानं पावसाळ्याअखेर जाळीसारखी झालेली दिसतील, नुसत्या शिरा उरलेल्या. तेही अळ्यांचंच काम, पतंगांच्या. झाड मरत नाही, पुन्हा पालवतं.

तिसरी पायरी: हात लावण्याआधी

मराठीत आपल्याकडे अळी आणि सुरवंट असे दोन शब्द आहेत, आणि ती वाटणी सुरक्षिततेच्या दृष्टीनं उत्तम आहे. केसाळ तो सुरवंट, त्याला हात लावायचा नाही. सगळेच सुरवंट खाज आणत नाहीत, पण कोणता आणतो हे कळायला अनुभव लागतो, तोवर नाही म्हणजे नाही. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात घोळक्यानं बसलेले सुरवंट हे सगळ्यात जास्त ताप देणारे. आंब्यावर आणि एरंडावर हिरवी, चपटी, बुटकी, काटेरी अळी दिसेल, पाय दिसत नाहीत, सरकल्यासारखी चालते. तिचा काटा विंचू चावल्यासारखा झोंबतो.

केस लागलेच तर चोळू नका, ते आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढा, दोन-तीनदा नवी पट्टी घेऊन, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. ते कपडे वेगळे धुवा. डोळ्यात गेले किंवा श्वासाला त्रास झाला तर सरळ डॉक्टरकडे.

अळीसारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट फुलपाखराची किंवा पतंगाची नसते. पाय मोजा. पुढं छातीशी खऱ्या पायांच्या तीन जोड्या, आणि मागं पोटाला मांसल खोट्या पायांच्या जास्तीत जास्त पाच. पोटाकडे सहा किंवा जास्त जोड्या भरल्या तर ती करवतमाशीची अळी.

चौथी पायरी: घरी वाढवायची असेल तर

पहिल्या वर्षी एका वेळी एक किंवा दोनच अळ्या आणा. अंडं किंवा मोठी झालेली अळी आणणं सोपं, मधल्या वयाची नाजूक असते. रालामंडळ अभयारण्य आहे, तिथून काहीही आणायचं नाही, पानसुद्धा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत कित्येक फुलपाखरांची नावं आहेत, त्यामुळे घरच्या कुंडीवर आणि दारच्या तणावर जे येतं तेवढ्यावरच शिका. तेही पुरून उरतं.

काचेची बरणी किंवा पारदर्शक डबा, तोंडाला मलमलचा तुकडा आणि रबरबँड. तळाशी टिश्यूपेपर, रोज बदलायचा. लेंड्या साचून बुरशी आली की अळी आजारी पडते, अळ्या मरण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. पान रोज ताजं, त्याच झाडाचं. फांदी पाण्याच्या बाटलीत उभी करणार असाल तर बाटलीच्या तोंडाला कापूस घट्ट बसवा, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. डबा उन्हात नको. त्या खोलीत मच्छरांची लिक्विड मशीन लावायची नाही, कॉइल नाही, अगरबत्तीही दूर.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे लाइमच्या पाच अळ्या होत्या आणि कुंडीतला कढीपत्ता संपला. एका नर्सरीतून नवं, तजेलदार रोप आणलं आणि संध्याकाळी पानं धुऊन घातली. सकाळी पाचही अळ्या तळाशी पडल्या होत्या, अंग आक्रसलेलं, तोंडातून हिरवं पाणी. रोपावर फवारणी झालेली होती आणि मी विचारलंही नव्हतं. मी कितीतरी दिवस त्या डब्याकडे पाहू शकले नाही. विकतचं रोप आणलं तर जुनी पानं गळून पूर्ण नवी पालवी येईपर्यंत महिना-दीड महिना थांबा. बाजारातली कढीपत्त्याची जुडी अळीला कधीच घालू नका. सोयाबीनच्या शेताच्या कडेचं तणही नको, उंटअळी आणि लष्करी अळीसाठी केलेली फवारणी बांधापर्यंत उडते.

अळी साधारण चार वेळा कात टाकते. त्याआधी एक दिवस खाणं बंद, हालचाल बंद, डोक्यामागची मान सुजल्यासारखी. नव्या माणसाला वाटतं मेली. तिला उचलू नका, जुन्या पानावरून ओढून नव्यावर ठेवू नका. तिनं पायाखाली रेशमाची बारीक गादी विणलेली असते आणि तिला धरून ती कातीतून बाहेर पडते. गादी सुटली तर कात अडकते. पान बदलायचं असेल तर अळीसकट जुना तुकडा कापून नव्यावर ठेवा.

दोन-अडीच आठवड्यांनी ती अस्वस्थ होऊन डबाभर फिरायला लागते, एक मोठी पातळ लेंडी टाकते. कोषाची वेळ आली. डब्यात एक खडबडीत काडी तिरपी उभी करा. बिबळ्या कडवा काडीला उलटा लटकतो, अंग वळवून. लाइम आणि मॉर्मन डोकं वर करून बसतात आणि पाठीमागून रेशमाचा एक दोरा घेऊन स्वतःला काडीला बांधून घेतात, विजेच्या खांबावर चढणारा माणूस पट्टा बांधतो तसं. हॉकमॉथची अळी तपकिरी पडते आणि खाली उतरून माती, पालापाचोळा शोधते; तिला चार बोटं भुसभुशीत माती आणि वाळली पानं द्या. कॉमन क्रोचा कोष मात्र एकदा तरी पाहाच. दोन दिवसांत तो आरशासारखा चांदीचा होतो. आमच्या कण्हेरीवरच्या कोषात मी माझा चेहरा आणि मागची खिडकी पाहिली आहे.

कोष आठ-दहा दिवस. आदल्या रात्री तो काळपट होतो आणि आतले पंख दिसतात. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येतं. थंडीच्या तोंडावर बनलेला लाइमचा कोष कधीकधी बराच काळ तसाच राहतो, त्याला फेकून देऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे धक्का बसणार नाही. बाहेरून आणलेल्या अळीतून काही वेळा फुलपाखरू येत नाही. अळीच्या अंगातून पांढऱ्या बारीक कोशांचा घोस बाहेर येतो, किंवा कोषाला भोक पाडून एक माशी निघते. परजीवी गांधीलमाशीनं किंवा माशीनं आधीच तिच्यात अंडी घातलेली असतात. पहिल्यांदा मला रडू आलं. मग वाचन केलं, पाहत गेले, आणि त्या माशाही मला तितक्याच नवलाच्या वाटायला लागल्या. त्या नसत्या तर रुईला एकही पान उरलं नसतं. त्यांना मारू नका, खिडकीतून सोडा आणि वहीत लिहा.

पाचवी पायरी: नोंद

तारीख, जागा, झाड, अळी झाडाच्या कुठल्या भागावर, किती. एवढं पुरे. फोटो चार: अळी वरून, अळी बाजूनं, पूर्ण झाड, आणि त्या झाडाचं पान-फूल जवळून. नव्या माणसाच्या फोटोंत अळी उत्तम असते आणि झाड नसतं, मग ओळख अडकते. मारिया सिबिला मेरियन या चित्रकार बाईंनी सतराव्या शतकातच अळी आणि तिचं झाड एकाच कागदावर काढायला सुरुवात केली होती. 1699 साली त्या मुलीला घेऊन सुरिनामला गेल्या, तेव्हा त्यांचं वय बावन्न होतं, आणि जंगलातल्या अळ्या त्यांनी घरी वाढवून काढल्या. झाडाशिवाय अळी काढायची नाही, ही त्यांची शिस्त आपणही पाळावी.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकले तर जाणकार ओळख सांगतात. अळीचा आणि झाडाचा फोटो एकाच नोंदीत टाका.

जागा राखणं

2017 ते 2023 सलग 7 वेळा स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात इंदूर पहिलं आलं, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. ओला-सुका कचरा वेगळा करताना माझ्या सासूबाई आजही नातवंडांना ओरडतात. पण तण म्हणजे कचरा नव्हे, हे अजून आपण एकमेकांना सांगितलेलं नाही. आमच्या कॉलनीत कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर रुईची सात झुडपं होती. एका सप्टेंबरमध्ये मी तिथं एकोणीस अळ्या मोजल्या. दोन दिवसांनी गेले तर प्लॉट साफ. झुडपं मुळापासून कापून कडेला रचलेली, पानं कोमेजलेली, आणि काही अळ्या त्या ढिगावरून डांबरी रस्त्याकडे निघालेल्या. जितक्या सापडल्या तितक्या ओच्यात घेऊन दुसऱ्या रुईवर नेऊन सोडल्या. अकरा होत्या.

त्यानंतर मी शेजारच्या काकूंना, कॉलनीच्या बैठकीला येणाऱ्या आजोबांना, एकेकाला घरी बोलावून डबा दाखवला. भांडले नाही. कोष फुटताना पाहिलेला माणूस आपणहून विचारतो, "मग आपण तो कोपरा सोडायचा का?" आता प्लॉटच्या मागच्या भिंतीलगत चार फूट रुंद पट्टा न कापता ठेवतात, पुढचा भाग साफ. पाणी साचू द्यायचं नाही, प्लॅस्टिक उचलायचं, हे मी पाहते. तुमच्याकडे प्लॉट नसेल तर कुंड्या चालतात: एक कढीपत्ता, एक लिंबू, एका पसरट कुंडीत घोळ आणि आंबुशी, एका मोठ्या कुंडीत कण्हेर. कण्हेर विषारी आहे, घरात लहान मूल किंवा गाय-कुत्रं असेल तर ती टाळा. कढीपत्त्याची पानं अळ्या खाऊन टाकतील अशी भीती वाटत असेल तर दोन रोपं लावा, एक फोडणीचं, एक अळ्यांचं. फोडणीच्या रोपावर अळी आली की उचलून दुसऱ्यावर ठेवायची.

घरी वाढवलेलं फुलपाखरू सोडताना घाई करू नका. पंख पूर्ण पसरून वाळायला तास-दोन तास लागतात, तोवर ते लटकू द्या. खाली तांबूस पाण्याचे थेंब पडतील. ते रक्त नव्हे, कोषातला उरलेला मळ आहे. पाऊस चालू असेल तर थांबा, उघडीप झाल्यावर सकाळच्या उन्हात बाहेर न्या. ज्या झाडावरून अळी आणली त्याच झाडापाशी डबा उघडा. बोट त्याच्या पुढच्या पायांशी धरलं तर ते आपणहून बोटावर चढतं, थोडा वेळ पंख उघडझाप करतं आणि उडतं. मग लगेच घरी परतू नका. त्याच रुईची पानं खालून एकदा पाहून घ्या.